सानिकाचा हात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि नवऱ्याला मी एरवी सगळं सांगते — भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा, त्याला ऐकायचं नसलं तरी. हे मात्र नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण... कारणबिरण काही नाही. सांगतेय, बस.

मी दातांची डॉक्टर. मूळची अमरावतीची, नवरा इथे चंदीगडला, तीस सेक्टरच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून लग्न करून इकडे आले. छोटासा दवाखाना टाकला, पेशंटशी बोलता बोलता पंजाबी शिकले. एकुलती एक मुलगी, केतकी. दवाखाना पुढे तीच चालवणार, हे मी तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. तिला कोण विचारतंय? मग ती मोठी झाली आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मम्मा, सारी उमर लोगों के मुँह में हाथ? नो यार." मी हसण्यावारी नेलं. पण लागलं हो मला ते. फार लागलं.

सानिका केतकीच्याच वर्गातली. माझी मैत्रीण वैशाली, तिची मुलगी. ती मंडळी चंदीगडच्या शेजारी खरडला राहायची, पण इथे मराठी माणसं ती किती — घरोबा व्हायला वेळ लागत नाही. सानिका मला मावशी म्हणायची. आणि तिला व्हायचं होतं दातांची डॉक्टर, दुसरं काही नाही. सुट्टी लागली की माझ्या दवाखान्यात येऊन बसायची, हत्यारांची नावं पाठ करायची, मी दाढ भरत असले की मान लांब करून बघायची. केतकी? केतकी दवाखान्यात यायची ती पैसे मागायला.

आता मी उगाच लांबण लावतेय, कळतंय मला.

बारावी झाली, प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. एमबीबीएस मिळण्याजोगा नंबर सानिकाचा नव्हता, पण डेंटलला नक्की लागला असता — कदाचित चंदीगडातल्या चंदीगडातसुद्धा. कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी ऑनलाइन भरायची होती. दुसरीकडे विद्यापीठाच्या फार्मसीतही तिला जागा मिळत होती. दोन्हींची मुदत जवळ आली, घरात सगळ्यांचं डोकं फिरलं. वैशाली फोनवर म्हणाली, "आम्हाला ह्यातलं काही कळत नाही गं. तू सांगशील ते." बघा, केवढा विश्वास.

त्याच दुपारी सानिका लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आली. आणि रुमालात गुंडाळलेली एक दाढ. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीतून कोरलेली. पहिल्या वर्षाला आम्हाला मेणाचे दात कोरायला लावतात, घरी साबणावर करून बघ, असं मीच तिला कधीतरी सहज म्हटलं होतं. मी ती हातात घेतली. चारही उंचवटे जागच्या जागी, मधल्या खाचा, मुळांचा बाक — कशाला खोटं बोलू, मला पहिल्या वर्षात दोन महिने लागले होते तिथवर यायला. तेवढ्यात केतकी आतून आली, तिने दाढ उचलली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "वॉव! ये तो असली लग रहा है यार!"

माझ्या कुठल्याही कामाकडे माझ्या मुलीने असं कधी पाहिलं नव्हतं.

केतकी फोन आला म्हणून निघून गेली. सानिका माझ्याकडे बघत होती — लाजत, कौतुकाची वाट बघत. आणि माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला. मी दाढ उजेडात धरली आणि अगदी मायेने, साळसूदपणे म्हटलं, "हात थरथरतो गं तुझा. ही रेघ बघ. हात उपजत स्थिर लागतो आमच्यात, तो शिकवून येत नाही. फार्मसी घे. सुखी राहशील."

रेघ सरळ होती. आणि उपजत वगैरे काही नसतं. हात सवयीने तयार होतो, हे दातांचा कुठलाही डॉक्टर सांगेल.

फायदा काय झाला मला? काहीच नाही! तिने नाव मागे घेतल्याने केतकीला जागा मिळणार होती, असंही नव्हतं. केतकीने अर्जच भरला नव्हता. निदान स्वार्थासाठी केलं म्हणण्याचीही सोय नाही. सानिकाने वाद घातला नाही, रडली नाही. "पक्का ना, मावशी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पक्का. तिने माझ्याच डायनिंग टेबलावर बसून यादीत भरून ठेवलेली डेंटलची कॉलेजं एकेक करून काढून टाकली. मी शेजारी बसून चहा प्यायले. मुदत संपायला पूर्ण एक दिवस होता. एक फोन पुरला असता. मी मूग गिळून बसले.

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. सानिका फार्मसी झाली, मोहालीत बऱ्यापैकी नोकरी आहे, नवरा चांगला आहे. तिचं वाटोळं झालं असं कुणी म्हणणार नाही. मीही बरीच वर्षं हेच म्हणून स्वतःची समजूत काढत होते. पूर्वी गणपतीत आमच्या मंडळाची रांगोळी तीच काढायची. नंतर कुणी रांगोळीचा डबा पुढे केला की म्हणायची, "नको, माझा हात थरथरतो." मी ऐकायचे. समोरच उभी असायचे मी.

गेल्या महिन्यात तिच्या बाळाला बघायला गेले. तीन महिन्यांची मुलगी, गालावर स्वतःच्याच नखांचे ओरखडे. सानिका म्हणाली, "मावशी, तुम्ही कापता का हिची नखं? आई गावाला गेलीय, ह्यांना भीती वाटते. आणि माझ्या हाताचं तर तुम्हाला माहीतच आहे." तिने बाळाला मांडीवर घेतलं, एकेक इवलंसं बोट वेगळं करून माझ्यासमोर धरलं. तिचा हात अजिबात हलत नव्हता. मी दहाही नखं कापली.

"तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बरं," ती हसत म्हणाली, "नाहीतर लोकांच्या तोंडात काय करून ठेवलं असतं मी!"

मीही हसले.