दोघांची मीटिंग

सानगडीत बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. एक खोली, दोन मशीन. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी दुकान उघडायच्या आधी प्यायचो, कारण त्याशिवाय हाताची थरथर थांबत नसे आणि सुईत दोरा जात नसे. गावाला हे माहीत होतं. तरी ब्लाउजची फिटिंग माझ्यासारखी कुणाला जमत नाही म्हणून लोक माझ्याकडेच येतात, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं.

अशाच एका उन्हाळ्यात आमच्या गावची अंगणवाडी सेविका मुलीच्या लग्नाचं कापड घेऊन आली. बुद्धविहारात लग्न होतं, पांढरी साडी होती आणि ब्लाउजसाठी साडीचाच तुकडा. तसा दुसरा मिळणार नव्हता. मी तो सकाळीच कापायला घेतला. बाहीचा मुंढा दोन बोटं जास्त आत गेला आणि मागच्या गळ्याची खोली मी पुढच्या भागाला दिली. कळलं तेव्हा कात्री फिरून गेली होती.

संध्याकाळी ती आली. आता दुकानासमोर माणसं जमतील, असं मला वाटलं. पण तिनं ते तुकडे टेबलावर जुळवून पाहिले, घडी केली आणि म्हणाली, "भाऊ, ब्लाउजचं मी पाहून घेईन. तुमच्या हाताचं कोण पाहील?"

मग तिनं तिच्या मोठ्या भावाचं सांगितलं. तो साकोलीला राहतो, तोही असाच प्यायचा. आता दर रविवारी दहा वाजता एका शाळेच्या मागच्या खोलीत दारू सोडलेली माणसं बसतात, त्यांच्यात तो जातो. तिथं कुणी उपदेश करत नाही, शपथ घ्यायला लावत नाही. जाऊन तर पाहा, एवढंच म्हणाली. लग्नाचं ब्लाउज तिनं नवं कापड आणून दुसरीकडे शिवून घेतलं. आम्हाला पत्रिका मात्र आली. मी गेलो नाही, बायको गेली.

बरेच रविवार मी असेच घालवले. एकदा साकोलीला उतरलो, पण विचारायचं कुणाला? बार कुठं आहे हे मी कुठल्याही गावात बिनदिक्कत विचारलं होतं. सोडणारे कुठं बसतात, हे विचारायला तोंड उघडेना. स्टँडभोवती दोन चकरा मारल्या आणि पिऊन परतलो. बायकोला सांगितलं, बटणं आणायला गेलो होतो. पुढच्या रविवारी मात्र ती सकाळीच साडी नेसून तयार झाली. "चला, संगं जाऊ."

स्टँडवर उतरताच तिनं भाजीवालीला विचारलं, "दारू सोडलेले मानसं बसतात ते खोली कोठी आहे, बाई?" मी दोन पावलं मागे, जमिनीकडे पाहत उभा. भाजीवालीनं वांगी तोलता तोलता हातानं रस्ता दाखवला. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

भाताच्या रोवण्याचे दिवस होते. खोलीत साठीचा एक माणूस झाडू मारत होता. तोच सेविकेचा भाऊ. बाकीचे सगळे शेतावर, बांधीत आहेत, आज कुणी येणार नाही, असं त्यानं सांगितलं. मला तर सुटल्यासारखं झालं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो.

"दोघं असले का मीटिंग होते," तो म्हणाला. "बसा न जी."

बायको बाहेर पायरीवर बसली. त्यानं सतरंजी अंथरली, घड्याळात दहा वाजू दिले आणि खोली भरलेली असावी तसा ताठ बसून, मी दारुड्या आहे, इथून सुरुवात केली. आईच्या मातीला सगळे निघाले तेव्हा तो घरामागे पिऊन पडून होता. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. असलं काही फक्त माझ्याच बाबतीत घडतं, असं मी धरून चाललो होतो. मग मी बोललो. सकाळच्या दारूचं, कपाटात कापडाखाली लपवलेल्या बाटलीचं, त्या पांढऱ्या तुकड्याचं.

निघताना मी त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "मले काहून? तुमी नसते आले तं मी एकटाच बसलो असतो. तुमच्यानं माझा आजचा दिवस निभला."

एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सोमवारी तोच आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. परतीच्या बसमध्ये बायकोनं सांगितलं, आदल्या दिवशी तिनं पायरीवरून सगळं ऐकलं होतं. "किती दिवसानं खरं बोलून राहिले होते तुमी," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

चार महिन्यांनी, दिवाळीत, मी पुन्हा प्यालो. दोन दिवस. रविवारी दाराशीच उभा राहिलो. त्या दिवशी सातजण होते. सेविकेचा भाऊ थोडा सरकला आणि सतरंजीवर जागा झाली. त्यानंतर आजपर्यंत मी प्यालो नाही.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याला त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस मी सोबत होतो. भरतीच्या कागदावर सोबत्याचं नातं लिहायची जागा होती, तिथं माझा पेन थांबला. खाटेवरून तोच म्हणाला, "भाऊ लिहा." मी लिहिलं आणि सही केली.