हेल्मेट न काढणारा रोहन

सामना तीन तास चालायचा आणि ते तीनही तास रोहन हेल्मेट घालून, हनुवटीचा पट्टा आवळून मैदानाच्या कडेला उभा असायचा. बाकीचे राखीव खेळाडू हेल्मेट बाकावर ठेवून गप्पा मारत. मी म्हणायचे, "अरे, घामाने भिजलास, काढ की ते!" तर म्हणायचा, "मावशी, कोचने बघितलं आणि मी रेडी नसलो तर? बॅकअपला सेकंड चान्स नसतो."

मी त्या अमेरिकन फुटबॉल संघाची फिजिओ. रोहनची आई मूळची नागपूरची, अमेरिकेत शुगर लँडला राहणारी माझी जुनी मैत्रीण, वडील अमेरिकन. रोहन रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसणारा. पण राखीव. मुख्य खेळाडू जायबंदी झाला तरच याचा नंबर. दोन संघांनी सोडल्यावर तो आमच्याकडे आला होता. "मी स्पेअर टायर आहे, मावशी," तो हसायचा, "पण हवा फुल!"

दर उन्हाळ्यात मी सगळ्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायचे: दहा शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते बघायचे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला, की तीच चाचणी पुन्हा घेऊन गुण ताडून बघायचे. घसरले तर खेळ बंद. त्या वर्षी रोहनने दहातले चारच शब्द सांगितले. मुद्दाम! आधीच कमी गुण घेतले की पुढे घसरायला जागा उरत नाही. माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले. मी "लबाडा!" म्हणाले आणि आकडा लिहून टाकला. त्याच्या आईला त्याला टीव्हीवर खेळताना बघायचं होतं. खरं सांगते, मलाही बघायचं होतं. आपला मुलगा ना!

नोव्हेंबरात मुख्य खेळाडूचा गुडघा गेला. रोहन आत गेला, सुंदर धावला आणि मग दोघे त्याच्या डोक्यावर आदळले. मी चाचणी घेतली. चार शब्द. "सेम स्कोअर, मावशी! जाऊ दे मला, प्लीज." त्याची नजर माझ्यावर ठरत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "ठीक?" मी मान डोलावली. तो परत आत गेला. दुसऱ्यांदा डोकं आदळलं, त्यानंतर तो कधीच खेळला नाही.

आता तो आईकडे असतो. उजेड सोसत नाही, बोलता बोलता शब्द हरवतात. आई त्याच्या गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लिहून ठेवते. गेल्या महिन्यात मी तिला सगळं सांगून टाकायला म्हणून गेले. मी तोंड उघडायच्या आत रोहनच सावकाश म्हणाला, "आई, मावशीमुळे मी खेळलो. दुसऱ्या कुणी... स्टॉप केलं असतं."

तिने माझे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

मी चहा संपवला आणि निघाले.