जर्मनीतलं परीक्षण मी कसं वाचलं

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि सत्कारांचा हंगाम होता. जळकोटकडच्या एका शाळामास्तरांचाही सत्कार ठरला, कारण त्यांच्या कादंबरीचं जर्मनीत भाषांतर होऊन तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रात परीक्षण आलं होतं. मी नांदेडच्या कॉलेजात शिकवायचो. हैदराबादेत असताना जर्मन शिकलो होतो, म्हणून ते परीक्षण व्यासपीठावरून मराठीत वाचायचं काम माझ्याकडे आलं.

कादंबरी मोठ्या दुष्काळानंतर लिहिलेली. तिच्यात विहिरीला पाय फुटतात. आटायच्या आधीच ती गाव सोडते. लोक बैलगाड्या जुंपून मागं लागतात. ती एका लग्नात घुसून पंगतीत बसते, आणि शेवटी बौद्धवाड्यात जाऊन जी बसते ती उठत नाही. मग तिथं पाणी शेंदायला जायचं की नाही, यावर गाव बैठका घेत राहतं. मास्तर स्वतः तसल्याच वाड्यातले. आपल्याकडे पुस्तकाला कुणी विचारलं नव्हतं. एकानं तर दुष्काळाची थट्टा म्हणून झोडपलं होतं.

जर्मन परीक्षकाला मात्र हसू आवरलं नव्हतं. पंगतीचं प्रकरण त्यानं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. असली कल्पना आमच्या एकाही जर्मन लेखकाला सुचली नसती, असा निर्वाळाही दिला होता.

मी ते वाचलं नाही. कागद हातात धरून म्हणालो, "परीक्षक म्हणतात, दलितांच्या वेदनेचा आणि दुष्काळाचा हा अस्सल दस्तऐवज आहे." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले.

पाहुण्यांना रुचेल ते वाचलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. माझ्या दोन विज्ञानकथा पुण्याहून साभार परत आल्या होत्या. दलितांनी भोगलेलं लिहावं, कल्पनेचं काम आपल्याकडे राहू द्यावं, असं आम्ही जमीनवाल्या घरांतली शिकलेली माणसं उघड बोलत नसू. धरून मात्र चालत असू.

चहाच्या वेळी मास्तर शाल काखेत मारून जवळ आले.

"सर, तो हसलाच न्हाई का हो? विहीर पंगतीत बसती तिथं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"वाढपी तिला इचारतो, बुंदी वाढू का पानी? तिथंबी न्हाई?"

"ते लोक दुष्काळाकडे गंभीरपणे बघतात, मास्तर. तुम्ही आत्मचरित्र लिहा. तुमच्याकडे अनुभव आहे."

"अनुभव तर आमच्या बैलाकडंबी हाय, सर," ते म्हणाले आणि कप तसाच ठेवून निघून गेले.

पुढं त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. ते गाजलं, अभ्यासक्रमाला लागलं. निवृत्त होईपर्यंत मीच ते वर्गात शिकवलं. त्यात हसण्यासारखी एक ओळ नाही.

मास्तर वारल्यावर मी हिमायतनगरला त्यांच्या मुलीकडे गेलो. ती तिथं शिक्षिका आहे. तिला परीक्षण ओळ न् ओळ खरं वाचून दाखवलं.

मग म्हणाली, "विहिरीचा दुसरा भाग होता, काका. त्या सत्काराच्या वक्ताला निम्मा लिहून झालता. 'त्या लोकांना हसू आलं न्हाई म्हनं' असं बोलून बाबांनी तो आईला बंब पेटवायला दिला. आता हे मला कशाला सांगून राहिलात?"

या खेपेला भाषांतर अचूक होतं, एवढंच मला म्हणता आलं असतं.