किल्ल्यासमोरचं कोर्ट

१४ मार्च १९९८. सकाळी सहाला मी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. कोर्टाची तारीख होती. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या पिकअपची धडक बसून एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. तुरुंग की सुटका, ते आज ठरणार होतं. कॉलर करपली. दुसरा शर्ट घेतला.

आखातातल्या सोहारच्या पुढचं ते लहान गाव. मधे वाळूचं मोकळं मैदान, एका बाजूला किल्ला, त्याच्या समोर कोर्ट, उरलेल्या दोन बाजूंना मशीद आणि दुकानांची ओळ. आमच्या तालुक्याच्या कोर्टाला व्हरांडा आहे; आत काय चाललंय ते बाहेरच्या चहावाल्यालाही कळतं. इथे उंच भिंत, जाड लाकडी दार, हातभर खिडक्या. नवरा आत गेला, दार लागलं, आणि पुढचं काही कळायची सोय उरली नाही.

दुकानांच्या ओळीत रत्नागिरीच्या एका चाचांचं किराणा दुकान होतं. त्यांनी स्टूल दिलं.

"वहिनी, बसा. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून काजी घाई करायचा नाही."

"दार उघडत का नाहीत?"

"कोर्ट आहे ते. माझं दुकान असतं तर उघडं ठेवलं असतं."

अकराच्या सुमारास नवरा बाहेर आला. दोन्ही बाजूंना कमरेला खंजीर लावलेले दोघे; एकाने त्याचा दंड धरलेला. तिघे सरळ किल्ल्याकडे निघाले. महिन्यापूर्वीच मुलांना तो किल्ला दाखवला होता. तळाशी कैद्यांची जुनी कोठडी, भिंतीत बेड्यांच्या कड्या. मी मैदानातून धावत सुटले. एक चप्पल वाळूतच राहिली.

किल्ल्याच्या भिंतीला लागून गावाची बैठकीची खोली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला तिथे नेऊन बसवलं. ते दोघे म्हाताऱ्याचे मुलगे होते; खंजीर त्यांच्या ठेवणीतल्या पोशाखातला. बापाने हॉस्पिटलातून अंगठा उठवून माफीचा कागद पाठवला होता, त्यावर काजीने सोडून दिलं होतं, आणि माफ केलेल्या माणसाला कॉफी पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची रीत.

"खलास, खलास," झालं, मिटलं, असं थोरला त्याला सांगत होता.

मी दारातच बसले. चाचा चप्पल घेऊन मागून आले. "सांगत होतो, बसा म्हणून."



दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला गाडीला हात लावायचा धीर होईना. मी टॅक्सी बोलावली, मुगाची पातळ खिचडी डब्यात भरली आणि त्याला घेऊन हॉस्पिटलात म्हाताऱ्याला भेटायला गेले.