गळ्यातलं फाटक

उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या फाटकावर काढला, म्हणून सगळे त्यांना फाटकवालेच म्हणत. केबिनमधला फोन खणखणला, की आधी दांडा खाली पाडायचा, मग फोनात ठणकावून सांगायचं, "फाटक बंद!" त्याशिवाय गाडी हलायची नाही. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली, की घरचं दार लावतानाही तोंडातून तेच निघायचं. बायको आतून विचारायची, "सोडू का गाडी?"

निवृत्त झाले आणि मेंदूला झटका आला. हातपाय शाबूत राहिले, आवाज मात्र फाटका झाला आणि गिळणं गेलं. पाण्याच्या घोटानंही जीव घाबराघुबरा व्हायचा. नाकात अन्नाची नळी बसली. चहाबाज माणूस बायकोच्या कपाकडे टुकूटुकू बघत बसायचा. तिला घोट जाईना. मग ती मागच्या दारी उभ्याउभ्या चहा ढोसून यायची.

"अगं, वास येतो मला," ते म्हणायचे.

गिळायला शिकवणाऱ्या ताईनं त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं होतं. "काका, श्वासाची आणि घासाची वाट घशात एकमेकींना छेदते. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, पेशींची एक टोळी बसलेली असते. घास मागे सरकला, की ती श्वास क्षणभर थांबवते, आवाजाची पेटी वर उचलते, तिचं तोंड मिटवते आणि अन्ननळी उघडते. सगळं ओळीनं, तुम्हाला न विचारता. तुमच्या टोळीतले काही गडी झटक्यात गेले."

"म्हणजे फाटकवालाच मेला म्हणा की!"

"मेला नाही. पेंगतोय. त्याला जागं करायचं."

आज दवाखान्यातल्या आपल्या खोलीत ताईनं पहिल्यांदाच बायकोला आत बसवलं. बायकोनं करून आणलेला, सावकाश उतरावा म्हणून पूड घालून घट्ट केलेला चहा नीट गेला, तर डॉक्टर तपासून नळी काढणार होते. पहिला चमचा ठसक्यात गेला. दुसराही. फाटकवाल्यांचे डोळे भरून आले, आणि तेही नुसत्या ठसक्यानं नव्हे.

बायको त्यांचे ओठ बघत होती. "अहो, घास गिळताना बोलताय कुणाशी?"

"फाटक बंद म्हणतोय. आणखी काय!"

"अगंबाई! मला वाटायचं, देवाचं नाव घेताय," ताईनं कपाळाला हात लावला. "बोललात की पेटीचं तोंड उघडतं, काका. तुम्हीच फाटक वर करताय!"

"न सांगता गाडी सोडू? जमायचं नाही."

"मी सांगते," बायको म्हणाली. "तुम्ही नुसता दांडा पाडा."

चमचा आत गेला. त्यांनी हनुवटी खाली घेतली.

"फाटक बंद!" बायको अशी ओरडली, की बाहेरून कुणीतरी डोकावलं.

गळ्याचा उंचवटा वर गेला, खाली आला. ठसका नाही. ताई कान देऊन म्हणाली, "आता बोला. आवाज ओला, घरघरता यायला नको; आला तर चहा श्वासाच्या वाटेत शिरला."

"गाडी गेली."

आवाज फाटकाच होता, पण कोरडा ठणठणीत. लगेच कपाळाला आठ्या घालून ते बायकोकडे वळले. "साखर कमी घातलीस."

एरवी तिनं चांगलं सुनावलं असतं. आज तिनं पुढचा चमचा भरला.