तोंडानं काढून दाखवलेला आवाज

आमच्या गाडीतून यायचा तो आवाज खरा केवढा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पहिल्यांदा कुणाला सांगितला तेव्हाच तो दुप्पट झाला होता. तिथून जिंतूरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला पोचेपर्यंत तर बॉनेटखाली दोन रेडे झुंजायला लागले होते.

त्याला इलाज नाही, धंदाच तसा केला. चाळीस वर्षं मंडप आणि भोंगे. जिंतूर तालुक्यात माझ्या भोंग्याशिवाय लागलेलं लग्न दाखवा, मी मिशी काढतो. "नवरीचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं" असं मी येलदरीला माइकवर बोललो की इकडे बोरीतले दोन-तीन मामा चपला घालून निघायचे. कुणाला खोटं वाटत असेल तर बोरीत विचारावं. गाडीही त्याच धंद्यासाठी घेतली होती. आमच्याकडे आली तेव्हाच ती आजीबाई होती. रंग मुळात पांढरा, उन्हानं शिळ्या ताकाचा झालेला. मागच्या सीटवर स्पीकरच्या दोन पेट्या, डिक्कीत कर्णे, आणि डावा दरवाजा असा की तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. हे एक वाक्य मी कधी फुगवून सांगितलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी परभणी. चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत. जाताना ती एसटीनंही गेली असती. येताना तिच्यात मान धरायची ताकद नसायची. एकदा एसटीनं आणून बघितली. झरीपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती आणि पुढं बोरीपर्यंत कुण्या अनोळखी बाईच्या मांडीवर. त्या बाईनं उतरताना मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी भोंगे विकून टाकले आणि गाडी तेवढी ठेवली. त्या आजीबाईच्या इंजिनावर आता दुसऱ्या एका जिवाचा आठवडा चालत होता.

आवाजाची बातमी बायकोनंच दिली. जेवायला बसलो होतो, समोरासमोर.

"अहो, गाडीत कायतरी वाजायलंय."

"कुठं?"

"पुढं. रोजच वाजायलंय. तुमाला येत न्हाई का ऐकू?"

"येतंय की! केव्हाचा ऐकायलोय मी," मी म्हणालो आणि भाकरी मोडली.

एवढं वाक्य ध्यानात असू द्या. पुढचा सगळा सत्यानाश त्याच्यातून निघाला.

आमच्याकडे गाडी गॅरेजला नेली की मिस्त्री आधी बॉनेट उघडत नाही, आधी गिऱ्हाइकाचं तोंड उघडायला लावतो. "आवाज कसा यायलाय? काढून दाखवा." कारण रस्त्यावर बोंबलणारी गाडी गॅरेजच्या दारात आली की शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी गप्प बसते. मग टेम्पोवाला चुंय चुंय करतो, ट्रॅक्टरवाला भडभड करतो, एकदा एक गुरुजी तर अर्धा तास नुसतं "सूं" करत उभे होते. मिस्त्री डोळे मिटून ऐकतो आणि त्यावरून काय बिघडलं ते सांगतो.

जिंतूरचा मिस्त्री मला मामा म्हणायचा. तो म्हणाला, "मामा, तुमी तर आवाजातलेच माणूस. काढा."

काढला. घसा साफ केला, टाच जमिनीवर रोवली आणि असा काढला की शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब सुटली. खडाड् खडाड् घुर्र्र्र! माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "मामा, आता म्हशीचा काढा." मी तोही काढला. मिस्त्रीनं मान डोलावली. "फाउंडेशन गेलंय." म्हणजे ज्या रबरावर इंजिन बसतं ते रबर. दोन्ही बदलली.

शुक्रवारी घरी आल्यावर बायकोला विचारलं, "गेला का?"

"न्हाई. वाजायलंय की अजून."

पुन्हा गॅरेज. या खेपेला मी जरा नाकातून काढला. सायलेन्सर निघाला. तिसऱ्यांदा दातातून काढला, पट्टा बदलला. मिस्त्री कानात काडी घालून माझ्याकडे बघायला लागला.

"मामा, मागं तर खडाड् होता. आता किंय किंय कसा काय?"

"वय झालं की आवाज बदलतो बाबा. माझा न्हाई का बदलला?"

"मामा, एकदा मला घेऊन चला रोडवर. मीच ऐकतो."

नाही कसं म्हणणार? बोरीपर्यंत गेलो आणि आलो. मी चालवत होतो, तो शेजारी. आणि जाता-येता मी एक क्षण तोंड मिटलं नाही. कर्णा झाडावरून पडला आणि खाली बांधलेला बोकड तेव्हापासून गावाचा कोतवाल झाला, ती गोष्ट सांगितली. भोंग्यात मोहोळ बसलं आणि मंगलाष्टकांतून मध गळाला, तीही सांगितली. मिस्त्री तीनदा म्हणाला, "मामा, जरा गप बसा की, ऐकू द्या." मी म्हणालो, "हो, तर मग त्या बोकडानं काय केलं..."

का, ते आता सांगतो. मला भीती वाटत होती की हा मध्येच बोट वर करून म्हणेल, "हां! हाच का?" आणि मला कधी हो म्हणायचं ते कळणार नाही.

मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. डाव्या कानात दोन-तीन वर्षांपासून नुसता वारा होता, उजवा आठ आण्यांचा उरला होता. चाळीस वर्षं पेट्या डाव्या हाताला लावून बसलो, त्यांनी आपलं काम केलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. भोंगेवाल्याचे कान गेले असं गावानं म्हणावं, त्यापेक्षा मी गेलो असं म्हटलेलं चाललं असतं. समोर बसलेल्या माणसाचं मी तोंडाकडे बघून निभावून न्यायचो. बायकोचा आवाज आधीच बारीक, मशीनवर जायला लागल्यापासून तर दुधावरच्या सायीएवढा पातळ झालेला. घरात ती समोर असायची, ओठ दिसायचे. गाडीत ती डाव्या हाताला बसायची आणि मी रस्त्याकडे बघायचो. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचे ओठ हलताना दिसले की मी "हो, हो" म्हणायचो आणि लगेच एखादी गोष्ट सुरू करायचो, म्हणजे तिनं पुढं काही विचारायला नको. तिचं मन रमतंय असं मला वाटायचं. एखाद्या वळणावर ती खिडकीकडे तोंड करून बसायची, तेव्हा तिला झोप आली असेल असं समजायचो.

असा हिवाळा गेला. आवाज तिच्या कानात तसाच, माझ्या तोंडात दर खेपेला नवा. शेवटी एका मंगळवारी मशीनवरून तिला उतरवलं आणि तशीच गाडी परभणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे घातली. त्याचं एवढं नाव होतं की इंजिनाला लांब पेचकस लावून त्याची मूठ कानाशी धरली की त्याला गाडीच्या पहिल्या मालकाचं गावसुद्धा कळतं असं लोक सांगत. (लोक म्हणजे मी.)

"आवाज काढा," तो म्हणाला.

मी जीव ओतला. फाउंडेशन, सायलेन्सर, पट्टा, रेडे, सगळे एकत्र आणले. रस्त्यावरचा एक ऑटो थांबला. उस्ताद फडक्यानं हात पुसत शेवटपर्यंत उभा राहिला.

"हो गया? मियाँ, एवढा आवाज असता तर तुमी इथं आला नसता. इंजिन रोडवर पडलं असतं, आणि तुमी नुसतं स्टेअरिंग घेऊन पळत आला असता."

सगळे हसले. मीही हसलो. तो मात्र वळून बायकोच्या खिडकीशी गेला आणि वाकला.

"भाभी, तुमी रोज बसता ना हिच्यात? तुमी सांगा."

ती मान मागं टाकून बसली होती. हातावर कापसाचा बोळा चिकटपट्टीनं दाबलेला. तिनं दुसरा हात उचलला, बोट वाकवलं आणि पेरानं डॅशबोर्डवर वाजवलं. तीनदा. मला फक्त बोट दिसलं.

"एवढाच हाय," ती म्हणाली. तिचे ओठ मला आता दिसत होते. "गाडी तापली की. आन् ह्यांनी पाय उचलला की जास्त."

उस्तादाचं तोंड उतरलं. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

तो गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा बोटावर काळं तेल होतं. उन्हात धरलं तर त्यात बारीक चमचम. "बेअरिंगचा चुरा हाय हा. दिवाळीला आणली असती तर बेअरिंग बदललं असतं आणि काम भागलं असतं. आता त्या चुऱ्यानं इंजिनाचा क्रँक खाल्ला, आतमध्ये काय काय खाल्लं ते खोलल्यावर कळंल. झरीच्या पुढं जाणार न्हाई ही." मग माझ्याकडे बघून, हळू नाही, सगळ्यांसमोर, "पण मियाँ, तुमी चालवता. तुमाला ऐकू आला न्हाई?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला काही सुचलं नाही. एखादा बोकडसुद्धा नाही.

"मला ऐकू येत न्हाई," मी म्हणालो.

गाडी तिथंच सोडली. उस्तादानं ओळखीची एक काळीपिवळी बोलावून दिली. बायको आधी चढली आणि सरकत पलीकडच्या खिडकीशी गेली, मी तिच्या मागून. म्हणजे किती तरी महिन्यांनी ती माझ्या उजव्या हाताला आली. झरी मागं पडली. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"मंजी तुमी जे हो-हो म्हणत होता, ते ऐकू न येता?"

"हो."

"एकदा बी न्हाई आलं?"

"काय म्हणत होतीस?"

ती बाहेर बघायला लागली. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून ठेवलेल्या होत्या, त्या बघत होती की काय कोण जाणे.

"मला आता मशीनवर न्हाई जायचं. बास झालं. दिवाळीपासून दर खेपेला येताना सांगायलेय. तुमी हो म्हणायचा, आन् मंगळवारी पुन्हा गाडी काढून दारात उभे." तिनं हातावरचा बोळा दाबला. "मला वाटलं, माणूस जिद्दीला पेटलाय. मग मी बी गप बसत गेले."

माझ्याकडे तिला समजावायला पाच-पंचवीस गोष्टी तयार होत्या. एकही बाहेर आली नाही. चांगलं झालं.

त्या शुक्रवारी काळीपिवळी सांगून ठेवली होती. सकाळी मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो, उजवा कान तिच्याकडे करून, आणि विचारलं. ती म्हणाली, "आज जाऊ." त्यानंतर दर खेपेला विचारत गेलो. कधी लगेच हो म्हणायची, कधी चूळ भरून येते म्हणून उठायची आणि दारातूनच हो म्हणून मान हलवायची. जाताना ती उजव्या बाजूला बसायची. गोष्टी बंद झाल्या. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, पण एकदा तीच म्हणाली, "त्या बोकडाचं पुढं काय झालं?" मी सांगायला गेलो तर मलाच आठवेना.

एका मंगळवारी तिनं नाही म्हटलं.

मी पुन्हा विचारलं. तिनं माझ्या उजव्या कानाला हात लावला, आणि तेच पुन्हा सांगितलं. तेवढ्याच आवाजात.

गाडी दारात आलेली होती. ड्रायव्हरला मी जा म्हणालो. तो का म्हणून विचारत होता बहुतेक, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. गाडी गल्लीतून निघाली, धुरळा उडाला, आणि मी कान देऊन उभा राहिलो. वळणाआधीच सगळं शांत झालं.

"गेली का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ती ओट्यावरून म्हणाली. "फाट्याकडं चाललीय. यायलाय आवाज."