किकऑफ दोन वाजता

विनिपेगमध्ये ड्राइव्हवे शोव्हल करून घरात यावं, तर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी पुन्हा ढीग लावून जातो. माझ्या भाच्याचे किस्से तसेच आहेत. एक सांगून संपवला की आमचं मराठी मंडळ दुसरा आणून टाकतं! निखिल इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा फुटबॉल कोच आहे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, तो फुटबॉल. ऐकाच, माझं डोकं अजून तापलेलं आहे.

*

इंजिनीअरिंग पूर्ण करून पोरगा आधी टीमसाठी फुकट राबला. गारठ्यात मचाणावर उभं राहून प्रॅक्टिसचं शूटिंग करायचा. मंडळाचे अध्यक्ष देशपांडेकाका त्याला म्हणाले, "छंद छान आहे. पण जॉब कुठे?"

"काका, हाच जॉब."

"ते झालं रे, पण मूळ जॉब?"

निखिलचे वडील, म्हणजे माझे भावोजी, शेजारीच समोसा खात उभे होते. त्यांनी दुसरा समोसा उचलला!

*

पुढे तो असिस्टंट कोच झाला. मंडळाने लगेच दखल घेतली. पिकनिकला लिंबू-चमचा त्याच्या गळ्यात! "तू कोच ना, मग शर्यती तूच घे."

त्याने तेही मन लावून केलं. पोरांना म्हणाला, "लिंबाकडे बघायचं नाही. लुक व्हेअर यू आर गोइंग!" त्या वर्षी एकाही पोराचं लिंबू पडलं नाही. तर एक काकू त्याच्यावरच डाफरल्या, "सगळेच पोचले! आता बक्षीस कोणाला देऊ?"

*

मग एक स्थळ आलं. मुलीच्या आईने फोनवर विचारलं, "मुलगा काय करतो?"

"युनिव्हर्सिटीत असतो," भावोजी म्हणाले.

"प्रोफेसर का?"

भावोजी गप्प! बाईंनी होकार समजला. भेटायला आल्यावर मुलीने पीएचडीचा विषय विचारला, निखिलने खरं काय ते सांगितलं. मुलगी हसली, पण आई पर्स घेऊन उठली.

मी भावोजींना फैलावर घेतलं. "मुलगा काय चोऱ्या करतो?"

"कोच हा काय जॉब आहे? हरले की काढतात," ते म्हणाले.

*

काढलं खरं, पण दुसऱ्याला. मुख्य कोच ऐन सीझनमध्ये गेला आणि निखिलला हंगामी नेमलं. पहिल्याच मॅचला किकऑफ होऊन खेळ सुरू झाला, तोच मागून कोणी गोरा ओरडला, "क्रिकेट ग्राउंड पलीकडे आहे, बडी!"

मी थर्मॉससकट उठले आणि शुद्ध मराठीत त्याची बिनपाण्याने केली. शब्द कळले नसतील, पण "सॉरी, मॅम" म्हणाला. आम्ही जिंकलो. मी धावत घरी सांगायला गेले, तर भावोजी म्हणाले, "हंगामी म्हणजे जॉब नव्हे." संताप आला मला!

*

यंदा निखिल कायमचा मुख्य कोच झाला. पेपरात फोटो आला, तेव्हा कुठे मंडळाला गणपतीतल्या गुणवंत सत्काराला त्याची आठवण झाली. इतकी वर्षं डॉक्टर-इंजिनीअर झालेल्या पोरांनाच शाल-श्रीफळ मिळत आलंय, आणि दरवर्षी नावं पुकारून ते द्यायला स्टेजवर कोण? भावोजी!

नेमकी त्या शनिवारी मॅच होती. देशपांडेकाका म्हणाले, "एक दिवस ऑफ घेता येत नाही? खेळच तर आहे!" शेवटी ठरलं, मुलाच्या वतीने वडिलांनी सत्कार घ्यायचा. तशी पद्धतच आहे.

भावोजींनी माइकवर नाव पुकारलं, "निखिल वसंत साठे, मुख्य फुटबॉल कोच." देशपांडेकाका शाल उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकायला पुढे झाले. भावोजींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, घडी घातली, नारळ बगलेत मारला.

"मुलगा जॉबवर गेलाय," ते माइकवर म्हणाले. "मलाही निघायला हवं. किकऑफ दोन वाजता आहे."

स्टेजवर अजून तीन डॉक्टर सत्काराच्या रांगेत उभे होते. आणि किकऑफची वेळ मी भावोजींना सांगितलेली नव्हती.